तिबेटच्या पठाराखालचं तेल: आहे, होतं, की निघून गेलं?

खडकसिंग

परवा सीमाप्रश्नाच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलं की तिबेटखाली सौदी अरेबियाएवढं तेल आहे आणि चीनने तिबेट घेतलं ते त्यासाठीच. तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ चर्चा भरकटली असती, म्हणून हा वेगळा धागा. राजकारण इथे नको. 1950 साली ल्हासाकडे निघालेल्या फौजेला चांगथांगच्या चुनखडकाची पडलेली नव्हती, एवढं बोलून माझ्यापुरता तो विषय संपवतो.

मी भूशास्त्राचा माणूस. नोकरीची बरीच वर्षं विहिरी खोदणाऱ्या रिगवर कटिंग्ज, म्हणजे खोदताना वर येणारा खडकाचा चुरा, तपासण्यात गेली. तिबेटमध्ये काम केलेलं नाही, तिथलं प्रकाशित झालेलं मात्र आवडीने वाचत आलोय. सोपं करून लिहितो.

तेलासाठी काय लागतं? आधी सोर्स रॉक, म्हणजे सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेला काळा शेल किंवा चुनखडक. तो खोल पुरला जाऊन साधारण 60 ते 120 अंश सेल्सियसपर्यंत तापावा लागतो. लोणी कढवताना आच कमी पडली तर तूप होत नाही आणि जास्त झाली तर करपतं, तसंच इथे. जास्त तापलं तर तेल फुटून गॅस होतो, त्याच्याही पुढे गेलं तर खडकाच्या फटीत काळं घन बिटुमेन तेवढं उरतं. मग तयार झालेलं तेल साठायला सच्छिद्र खडक हवा, त्यावर झाकण हवं, आणि तेल अडून राहील असा घुमट किंवा भ्रंशाने बंद केलेली जागा हवी. इतकं सगळे सांगतात. याच्या पुढचं कमी लोक सांगतात: ही जागा तेल वाहू लागण्याच्या आधी तयार हवी, आणि त्यानंतर आजपर्यंत शाबूत राहायला हवी. तिबेटची सगळी भानगड या शेवटच्या अटीत आहे.

तिबेट हा एकसंध भूखंड नाही. वेगवेगळे तुकडे एकामागून एक आशियाला येऊन चिकटले आणि शेवटी सुमारे पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी आपण, म्हणजे भारतीय उपखंड, मागून जाऊन धडकलो. दक्षिणेकडून वर जाताना पहिली सांधरेषा यारलुंग त्सांगपोच्या खोऱ्यातली. तिच्या उत्तरेला ल्हासाचा तुकडा. मग बांगोंग-नुजियांग सांधरेषा, यातलं बांगोंग म्हणजे लडाखमध्ये फोटो काढायला जातो ते पँगाँग. त्याच्या वर चांगथांगचा तुकडा, मग जिन्शा सांधरेषा, मग कुनलुन, आणि कुनलुनच्या पलीकडे त्सायदामचं खोरं. तेलाच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागा तीन: चांगथांग, लुनपोला आणि त्सायदाम.

सौदीची तुलना होते ती चांगथांगमुळे. सुमारे 1.8 लाख चौरस किलोमीटरचं खोरं, समुद्रसपाटीपासून सरासरी 5000 मीटरच्या आसपास. ट्रायासिक आणि ज्युरासिक काळात, म्हणजे सुमारे 25 ते 14.5 कोटी वर्षांपूर्वी, इथे टेथिस समुद्र होता. चुनखडक, शेल, जिप्सम असे हजारो मीटर जाडीचे थर बसले. त्याच टेथिसच्या दुसऱ्या काठावर अरेबिया होता आणि तिथल्या ज्युरासिक चुनखडकात घवार हे जगातलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र आहे. समुद्र तोच, काळ तोच, खडकही बऱ्यापैकी तसाच, मग तेल का नसावं? आशावादी मंडळींचा मुद्दा थोडक्यात हा.

आणि तेल तयार झालं होतं, याबद्दल मला शंका नाही. दक्षिण चांगथांगमध्ये लोंगनी नावाच्या भागात ज्युरासिक डोलोमाइट, म्हणजे चुनखडकाचाच भाऊबंद, उघड्यावर आहे. हातोडीने फोडला की तेलाचा वास येतो, छिद्रांत बिटुमेन दिसतं. हा पट्टा शंभरेक किलोमीटर लांब आहे. उत्तरेकडे शंगली नदीच्या परिसरात तेलशेलचे थर आहेत. सोर्स रॉक होता, रिझर्व्हॉयर म्हणजे तेल साठवणारा सच्छिद्र खडक होता, तेल त्यात शिरलंही होतं.

पण लोंगनीचा डोलोमाइट आज डोंगरावर ऊन खातोय. तिथे एकेकाळी तेलक्षेत्र होतं, वरचं झाकण झिजून गेलं आणि माल उडाला. खोऱ्यात असं किती ठिकाणी झालं आणि किती ठिकाणी झाकण शाबूत आहे, सगळा प्रश्न इथे अडकलाय. गेल्या दशकात चिनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने उत्तर चांगथांगमध्ये छ्यांगके-1 ही 4600 मीटरच्या पुढे जाणारी खोल विहीर खोदली. माहिती भरपूर मिळाली. तेलाचा किंवा वायूचा व्यापारी प्रवाह मिळाल्याचं मात्र जाहीर झालेलं नाही.

लुनपोला आणि त्सायदामवर प्रतिसादांत लिहितो. प्रश्न विचारा.

शुभदा

छान धागा. खडकसिंग दादा, एक भाबडा प्रश्न. आम्ही मुक्तिनाथला गेलो होतो तेव्हा ज्वालामाईच्या देवळात दगडाच्या कपारीत, वाहत्या पाण्याजवळ निळसर ज्योत पाहिली. पुजारी म्हणाले आपोआप जळते. तो याच तेलाचा गॅस का? आणि शाळिग्राम तिथेच मिळतात, त्याचा या टेथिसशी काही संबंध?

खडकसिंग

शुभदाताई, प्रश्न अजिबात भाबडा नाही. ज्योत नैसर्गिक वायूचीच आहे, मुख्यतः मिथेन, खोलवर तापलेल्या सेंद्रिय पदार्थातून सुटलेला. आणि शाळिग्राम म्हणजे अमोनाइटचे जीवाश्म, टेथिस समुद्रातला शिंपल्यातला प्राणी. काली गंडकीच्या वरच्या खोऱ्यात ज्युरासिक काळातला काळा शेल आहे, हिमाचलातल्या स्पितीवरून त्याला स्पिती शेल म्हणतात. त्यातल्या गोट्या फुटून नदीत येतात आणि घासत घासत आपल्या देवघरात पोहोचतात. घरातला शाळिग्राम आणि चांगथांगचा चुनखडक दोन्ही टेथिसचेच, फक्त काठ वेगळे. शाळिग्राम भारताच्या बाजूच्या काठावरचा, चांगथांगचं खोरं पलीकडच्या, आशियाच्या बाजूचं.

स्पिती शेल सोर्स रॉक म्हणून पूर्वीपासून अभ्यासला गेलाय. अडचण अशी की हिमालय उभा राहताना हे थर एकमेकांवर चढले, खोल गाडले गेले आणि बहुतेक ठिकाणी गरजेपेक्षा फार जास्त तापले. उरला तो थोडाफार गॅस, तोही भेगांतून गळणारा.

आपल्याकडेही अशा ज्योतींमुळे शोध सुरू झालेत. तेल आणि नैसर्गिक वायू आयोग 1956 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी हिमाचलातल्या ज्वालामुखी या देवस्थानाच्या गावी विहीर खोदायला घेतली. देवीची ज्योत पाहूनच जागा निवडली असं म्हणणं अन्याय होईल, भूरचना अनुकूल होतीच. पण कुठे पाहायचं हे ज्योतीने दाखवलं होतं. मोठं काही हाती लागलं नाही.

पुणेरी शंका

लेख माहितीपूर्ण आहे, पण मूळ युक्तिवाद पटला नाही. "पठार वर आलं म्हणून तेल उडालं" असं तुमचं म्हणणं दिसतं. मग इराणच्या झाग्रोसचं काय? तिथेही टक्कर झाली, डोंगर उभे राहिले, थर वळ्या पडून घुमट झाले. तरी तिथे प्रचंड तेल आहे. उलट घड्या पडल्यामुळेच तेल अडलं असं पाठ्यपुस्तकात लिहितात. मग तिबेटला वेगळा न्याय का?

खडकसिंग

शंकाराव, मुद्दा चोख आहे. उत्तर जरा लांबेल.

झाग्रोसला वाचवलं ते झाकणाने. तिथल्या मुख्य चुनखडकावर गचसारान नावाचा मिठाचा आणि अनहायड्राइटचा (पाणी नसलेल्या जिप्समचा) थर आहे. मीठ दाबाखाली तुटत नाही, वाहतं. खालचा खडक वळला, भेगाळला तरी मिठाने भेगा बुजवल्या. शिवाय झाग्रोसच्या घड्या तरुण आहेत. तेल वाहत होतं त्याच काळात घुमट तयार होत गेले, म्हणजे वेळही जमून आली. सौदीत तर घडामोडच फारशी नव्हती. घवारच्या चुनखडकावर अनहायड्राइटचा पसरट थर शांत पडून राहिला.

आता चांगथांग. जिप्समचे थर तिथेही आहेत, मान्य. ते ज्या भागात जाड आहेत त्या भागाकडे मी अजून आशेने पाहतो. पण बाकीचं बघा. खोऱ्याच्या मधोमध रूपांतरित खडकांचा उंचवटा आहे, त्यात निळे शिस्ट, म्हणजे खोलवर प्रचंड दाबाखाली बनणारे खडक, सापडतात. म्हणजे खोऱ्याचे दोन भाग आणि मध्ये कधीकाळी खोल गेलेला तळ वर आलेला. उत्तरेला नंतरच्या काळातले ज्वालामुखी खडक आहेत, उष्णता तिथूनही आली. ज्युरासिकनंतरच्या क्रेटेशियस काळात ल्हासाचा तुकडा येऊन धडकला तेव्हा एकदा सगळं वर आलं आणि झिजलं. त्यानंतर भारताची टक्कर. म्हणजे पहिलं तेल ज्युरासिकच्या उत्तरार्धात तयार झालं असेल तर ते दोन मोठ्या उलथापालथींतून तगायला हवं.

यावर तिथल्या संशोधकांचं एक उत्तर आहे आणि ते मला पोकळ वाटत नाही. ते म्हणतात, पहिलं तेल गेलं तर जाऊ दे. नंतर काही भाग पुन्हा गाडला गेला, सोर्स रॉक पुन्हा तापला आणि दुसऱ्यांदा तेल-वायू तयार झाला. हा दुसरा माल तरुण घुमटांत सापडू शकतो. पण ट्रायासिकचे शेल बहुतेक ठिकाणी आता वायूच्या टप्प्यात किंवा त्याच्याही पलीकडे गेलेत. त्यामुळे सापडलंच तर तेलापेक्षा वायूची शक्यता मला जास्त दिसते.

थोडक्यात, टक्कर वाईट असं माझं म्हणणं नाही. टक्कर कधी झाली, तिच्या आधी काय तयार होतं आणि वर मीठ होतं का, हे बघायचं.

पुणेरी शंका

आता बरंचसं पटलं. "बरंचसं" अधोरेखित.

निशिगंधा

मी सिस्मिक डेटा प्रोसेसिंगमध्ये आहे, म्हणून थोडी भर घालते. चांगथांगमध्ये घुमट कुठे आहे हे आधी दिसायला तर हवं, आणि दिसणंच कठीण आहे.

सिस्मिकमध्ये जमिनीला धक्का देतात, स्फोटकाने किंवा व्हायब्रेटरच्या गाडीने, आणि खालच्या थरांवरून परतणारा प्रतिध्वनी जिओफोनवर नोंदवतात. तिबेटमध्ये वरचा थर गोठलेला. गोठलेल्या मातीत लहरी वेगाने धावतात, लगतच्या न गोठलेल्या जमिनीत सावकाश. ही जाडी दर काहीशे मीटरवर बदलते, त्यामुळे प्रत्येक नोंद वेगळ्या वेळेने सरकते. याला आम्ही स्टॅटिक्सची दुरुस्ती म्हणतो. ती नीट झाली नाही तर कागदावर घुमट दिसतो आणि प्रत्यक्षात काहीच नसतं. याच चुकीवर जगभर कोरड्या विहिरी खोदल्या गेल्यात.

त्यात पृष्ठभागावर चुनखडक उघडा असला की ऊर्जा आत जाण्याऐवजी आडवी पसरते. थर उभे, तुटलेले. प्रतिध्वनी सरळ वर येतच नाहीत.

1990 च्या दशकात इंडेप्थ नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने तिबेटवर लांब सिस्मिक रेषा घेतल्या. पण त्यांना कवच किती जाड आहे, सांधरेषा खाली कशा जातात हे बघायचं होतं. तिबेटचं कवच साधारण 70 किलोमीटर जाड आहे, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. तेलवाल्यांना वरच्या पाच-सात किलोमीटरचं बारीक चित्र हवं असतं. त्या कामाला ही रेषा पुरत नाही, तिथे दाट जाळं लागतं.

डिझेलभाऊ

सिस्मिक वगैरे आपल्या डोक्यावरून जातं. पण यंत्रांचं विचारा. लेहला जनरेटर सेट सांभाळलेत आम्ही, आणि ते 3500 मीटरवर. 5000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर. इंजिनाला हवा पुरत नाही. टर्बो असला तरी ताकद कापूनच धरावी लागते. रिगला जे इंजिन खाली चालतं, ते वर दीडपटीने मोठं न्यावं लागणार. पाणी 83 अंशाच्या आसपास उकळतं, त्यामुळे कूलिंग सिस्टिम नुसती डोकेदुखी. आणि माणसं? पहिला आठवडा डोकं धरून बसतात. शिफ्टमध्ये माणसं जास्त लागतात, काम कमी होतं.

एक विचारतो. विहीर खोदताना गरम मड, म्हणजे आत फिरवलेला चिखल, वर येतो ना? मग गोठलेली जमीन वितळत नाही का?

खडकसिंग

भाऊ, वितळते. म्हणून वरच्या थरात मड थंड ठेवावा लागतो आणि पहिलं केसिंग, म्हणजे विहिरीच्या भिंतीला आधार देणारी पोलादी नळी, लवकर बसवून, कमी तापमानात घट्ट होणारं सिमेंट वापरावं लागतं. नाहीतर तोंडाशी जमीन खचते आणि अख्खी रिग कलते. रस्त्यांचं दुखणं उलटं. हिवाळ्यात जमीन गोठलेली म्हणून ट्रक चालतात, पण थंडीत काम कसं करायचं? उन्हाळ्यात हवा बरी, पण वरचा थर वितळून चिखल आणि ट्रक आसापर्यंत रुतलेले. कामाचा खरा काळ फार थोडा.

गोठलेल्या जमिनीचा एक वेगळा फायदा मात्र निघाला. 2008 मध्ये छिंगहाई प्रांतात, छीलियान पर्वतरांगेतल्या मूली नावाच्या जागी, 4000 मीटरच्या आसपास उंचीवर, पर्माफ्रॉस्टखाली, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीखाली, गॅस हायड्रेट सापडला. बर्फासारख्या स्फटिकात अडकलेला मिथेन. काढणं परवडणारं नाही, पण सापडला.

नागपूरकर गोट्या

ह्या धाग्यावर आपलं पठार कुठाय राव? दख्खनच्या बेसाल्टखाली पण मेसोझोइक, म्हणजे ट्रायासिक ते क्रेटेशियस काळातले थर आहेत म्हणतात ना? धुळे-नंदुरबारला तेल लागणार असं मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

खडकसिंग

गोट्याभाऊ, दख्खन तसं उंच पठार नव्हे, पण विचारलंत तर सांगतो. कारण अडचणीचं मूळ मिळतंजुळतं आहे: वर काहीतरी असं आहे की खालचं दिसत नाही. तिबेटमध्ये ते पर्माफ्रॉस्ट आणि तुटलेला चुनखडक, इथे बेसाल्ट. बेसाल्टमध्ये लहरींचा वेग इतका जास्त की खालच्या मऊ थरांचा प्रतिध्वनी हरवतो.

दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्याखाली गाळाचे थर असतीलच असं गृहीत धरता येत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे बोअर घेतलं, 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम आठेक मीटर गाळ आणि मग जुना कठीण खडक. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतली. रासाटीला 930 मीटरच्या आसपास बेसाल्ट, गोठणे गावात सुमारे 1250 मीटर, आणि दोन्हीकडे खाली ग्रॅनाइटचा तळ. मध्ये मेसोझोइकचा पत्ता नाही. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा बराचसा भाग बाद धरा.

तापी-नर्मदेचा पट्टा वेगळा. तिथे भूभौतिक मोजमापांत लाव्हाखाली गाळाचे थर असल्याच्या खुणा मिळाल्यात. सौराष्ट्रात लोधिकाला विहीर बेसाल्टमधून पार जाऊन मेसोझोइकमध्ये पोहोचलीही होती. पण थर असणं आणि तेल असणं यांत केवढं अंतर आहे ते चांगथांगने दाखवलंच आहे. गंमत म्हणजे गुजरातेत पादरा इथे तेल खुद्द बेसाल्टच्या भेगांतून येतं, पण ते तेल शेजारच्या खंबातच्या तरुण शेलमधून आत शिरलेलं आहे.

धुळ्याचं विचारलंत तर खोल विहीर होईपर्यंत मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.

शिलाजीत

लुनपोला राहिलं की. मला त्यातलं तेल नाही, पाम आवडतो. तिथल्या अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या थरात ताडवर्गातल्या झाडाचं पान सापडलंय. आज ती जागा 4700 मीटरच्या आसपास आहे, ताड सोडा, झुडूप उगवत नाही. याच परिसरातल्या थरांत, शेजारच्या न्यिमा खोऱ्यात धरून, चढणाऱ्या माशाचे जीवाश्मही मिळालेत, म्हणजे आपल्याकडच्या उथळ गरम डबक्यांत राहणाऱ्या, जमिनीवरून सरकत जाणाऱ्या माशाचा जुना नातेवाईक. म्हणजे अडीच कोटी वर्षांपूर्वी मध्य तिबेटमध्ये सखल, उबदार खोरं होतं. "तिबेट टक्कर झाल्याबरोबर एका दमात वर आला" हे जुनं चित्र आता टिकत नाही.

खडकसिंग

शिलाजीत, हे माझ्या धाग्यात नेमकं बसतं. ते पान ज्या तळ्याच्या गाळात सापडलं, तशाच तळ्याच्या गाळात तेल आहे.

लुनपोला हे छोटं खोरं, साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, ल्हासा आणि चांगथांगच्या मधल्या सांधरेषेवर बसलेलं. समुद्र तोवर गेला होता. इथे तळं होतं. न्यूबाओ नावाच्या थरातला काळा शेल सोर्स रॉक, त्यावर दिंगछिंगहूचे थर झाकण. तळं उबदार असल्यामुळे शेवाळ भरपूर वाढलं, ते तळाशी साचलं. ताड उगवत होते आणि तेलाचा कच्चा माल साचत होता, दोन्ही एकाच हवामानामुळे.

1950 च्या दशकात पृष्ठभागावर तेलाच्या खुणा मिळाल्या, तेव्हापासून शोध चालू आहे. 1990 च्या दशकात पुन्हा जोर लावला गेला. तेल खरोखर सापडलं, विहिरींतून वरही आलं. तिबेट पठाराच्या ऐन मध्यात तेल आहे हे त्यामुळे वादाच्या पलीकडे गेलं. पण तेल दाट आणि चिकट, उथळ थरातलं, आणि वर इतकी थंडी. नळीत ते गोठू नये म्हणून तापवत राहायचं, तापवायला इंधन शेकडो किलोमीटरवरून आणायचं. हिशोब जमत नाही.

हिशोबनीस

हिशोबाचं नाव काढलंत म्हणून बोलतो. चिनी बातम्यांत चांगथांगसाठी शेकडो कोटी टनांचे आकडे येतात आणि आपले चॅनेलवाले ते जसेच्या तसे लावतात. ते सगळे "अजून न सापडलेल्या साधनसंपत्तीचे" अंदाज असतात. खोऱ्याचं क्षेत्रफळ, थराची जाडी, सेंद्रिय कार्बनचं प्रमाण यांचा गुणाकार. त्यातून सापडेल किती, सापडल्यातलं वर येईल किती आणि वर आलेलं विकायला परवडेल किती, अशा तीन चाळण्या लागल्या की उरतं त्याला साठा म्हणायचं. चांगथांगचा आजचा साठा शून्य आहे. लावा आकडे.

आणि उलटी गंमत बघा. गोलमुड ते ल्हासा 1080 किलोमीटरची नळी 1977 पासून पेट्रोल-डिझेल वर पंप करतेय, तांगगुला खिंडीसारखे पाच हजार मीटरच्या वरचे टप्पे ओलांडून. पठार तेल देत नाही, पठाराला तेल द्यावं लागतं.

माळढोक

नकाशा काढून बघितला तर चांगथांगचा मोठा भाग संरक्षित आहे. 1993 मध्ये घोषित झालेलं अभयारण्य तीन लाख चौरस किलोमीटरच्या जवळपास, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढं. चिरू हरणं तिथून दरवर्षी व्यायला स्थलांतर करतात. शेजारचं होहशिल 2017 मध्ये जागतिक वारसा झालं. गोठलेल्या कुरणावर ट्रकचं एक चाक गेलं की चाकोरी पिढ्यान् पिढ्या राहते. शाहतूशच्या शालींसाठी चिरू जवळजवळ संपवले होते, आत्ता कुठे सावरताहेत. मला तर विहीर कोरडी गेली हेच बरं वाटतं.

हिशोबनीस

माळढोक, भावना समजतात. पण चीनमध्ये अभयारण्याने विहीर थांबेल असं मला वाटत नाही. भाव पडले तर थांबेल.

माळढोक

कशाने का होईना, थांबू दे.

खडकसिंग

त्सायदाम राहिलंय. पठारावरचं विकण्याजोगं तेल आजवर तिथूनच आलंय, म्हणून जरा सविस्तर.

अल्तिन ताग, कुनलुन आणि छीलियान या तीन रांगांनी वेढलेलं हे खोरं, 1.2 लाख चौरस किलोमीटर, उंची 2700 ते 3000 मीटर. म्हणजे पठाराची खालची पायरी. इथलं तेल समुद्राचं नाही, खाऱ्या तळ्यांचं. शेलमध्ये सेंद्रिय कार्बन फार नाही, पण जो आहे तो तेलाला अनुकूल आणि कमी उष्णतेतही तेल सोडणारा. वर मिठाचे, जिप्समचे थर. घुमट तरुण आणि इतके ठळक की वाळवंटात नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

13 सप्टेंबर 1958 ला लेंगहूला एका विहिरीतून तेलाचा फवारा उडाला, दिवसाला 800 टन. वाळवंटात गाव वसलं. मग उत्पादन घसरलं, कंपनीचं मुख्यालय तुनहुआंगला हललं आणि गाव ओस पडलं. आज लेंगहू ओळखलं जातं दुर्बिणींसाठी, कोरडी हवा आणि काळंभोर आकाश म्हणून.

तेल मात्र त्सायदामच्या पश्चिम भागातून अजून निघतं, वर्षाला 20 लाख टनांच्या पुढे. मुंबई हायच्या मानाने कमी, पण तीन हजार मीटरवर हे थोडं नाही.

मला स्वतःला तेलापेक्षा पूर्व त्सायदामचा सेबेईचा वायू जास्त रंजक वाटतो. हा उष्णतेने तयार झालेला वायू नाही. जिवाणूंनी केलेला, आणि तोही क्वाटर्नरी काळातला, भूशास्त्राच्या हिशोबात कालचा. थंड आणि खारं पाणी असल्यामुळे वरच्या थरात सेंद्रिय पदार्थ लवकर कुजला नाही. तो थोडा खोल गेल्यावर जिवाणूंनी त्याचा मिथेन केला, तोवर वर चिखलाचं झाकण बसलं होतं. खडक म्हणण्याइतका घट्ट थरही नाही, त्यामुळे विहिरीत वायूबरोबर वाळू येते आणि ऑपरेटर वैतागतात. तरी 2001 पासून हा वायू नळीने लानचौपर्यंत जातोय. जिथे उंची आणि थंडी शाप ठरायला हवी, तिथे थंडीमुळेच वायू जमला.

शुभदा

वाचतेय. दुर्बिणींचं माहीत नव्हतं.

निशिगंधा

सेबेईबद्दल एक. तिथे वायूमुळे सिस्मिकवर लहरींचा वेग एकदम पडतो आणि थर मधोमध खाली झुकल्यासारखे दिसतात. खरा घुमट कागदावर खोलगट दिसतो. नवख्याने बघितलं तर घुमट सोडून पुढे जाईल.

पुणेरी शंका

खडकसिंग, आता स्पष्ट सांगा. उद्या तुमच्या हातात एक विहीर दिली, पठारावर कुठेही, तर कुठे खोदाल?

खडकसिंग

उत्पादन हवं असेल तर डोळे मिटून पश्चिम त्सायदाम, ज्ञात क्षेत्रांच्या खाली, खोल थरात. तिथे नळ्या आहेत, रस्ते आहेत, गोलमुडला रिफायनरी आहे.

चांगथांगच खोदायचं असेल तर दक्षिणेकडचा तेलाचा वास येणारा डोलोमाइट मी सोडून देईन. तिथला माल गेलेला आहे. उत्तर चांगथांगमध्ये, मधल्या उंचवट्यापासून आणि ज्वालामुखी खडकांपासून लांब, जिथे ज्युरासिकवर जिप्समचा थर जाड आणि सलग आहे अशी जागा शोधेन. निशिगंधाताईंसारख्या कोणाकडून स्टॅटिक्स दोनदा तपासून घेईन. विहीर खोदल्यावर कोअरमधल्या, म्हणजे खालून कापून आणलेल्या खडकाच्या नमुन्यातल्या, वासावर विश्वास ठेवणार नाही, फ्लो टेस्टमध्ये, म्हणजे विहीर वाहती सोडून बघताना, वायू तासनतास स्थिर दाबाने आला तरच मानेन. तशी टेस्ट एकदा जाहीर झाली की या धाग्यावरचं माझं मत मी बदलेन.

यश येण्याची शक्यता विचाराल तर दहात एक. तेही वायूचं.

हिशोबनीस

पैसे कोणाचे?

खडकसिंग

चीन सरकारचे. स्वतःचे असते तर पश्चिम त्सायदामवरच थांबलो असतो.